चहा टाकून ठेवा

सोमवार, ९ जानेवारी २००६. सकाळी सव्वाआठ. ठिकाण: भिवंडी, हिराआत्याचं स्वयंपाकघर.
हजर: हिराआत्या, तव्यापाशी. तिची सून सुनंदा, मासळी साफ करत. वजनकाटे दुरुस्त करणारे जोशी, दुसऱ्या चहावर. इस्माईलशेठ, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आणि मी.
गैरहजर: आत्याचा पुतण्या विलास.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या डायरीत आहे. ती मी त्याच दिवशी दुपारी लिहिली. कुठे, कोण, किती वाजता एवढं कागदावर आलं की डोकं जागेवर येतं, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी तसं झालं नाही. पण आत्याबद्दल लिहायचं तर सुरुवात त्या सकाळपासून करता येणार नाही. तिच्या घराच्या दारापासून करावी लागेल.

मी मूळची इचलकरंजीची, नोकरी पुण्याच्या एका कापड निर्यातदाराकडे. काम कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या तपासणीचं. भिवंडीतल्या पंधरा शेडमध्ये आमच्यासाठी कापड विणलं जायचं. मी महिन्यातून सहा दिवस तिथे जायची, न सांगता एखाद्या शेडवर उभी राहायची, रचलेल्या थप्पीतले दहा तागे निवडून टेबलावर उलगडायची, तुटका धागा, विणीत राहिलेला गाळा, तेलाचा डाग असं सगळं वहीत मांडायची आणि ठीक असेल तर मालावर सही करायची. माझ्या सहीवर ट्रक सुटायचा. या कामात एकच गोष्ट मोलाची: मी कुणाकडे कधी जाणार हे कुणाला कळता कामा नये.

पहिल्या खेपेला, २००१ साली, मी एका लॉजवर उतरले. तिथल्या तीन तक्रारी लिहून दिल्या आणि बाहेर पडले. त्या पंधरांतल्या एका शेडचे मालक इस्माईलशेठ, त्यांनी सांगितलं, "मॅडम, लेडीज माणसानं लॉजवर कशाला राहायचं? हिराआत्याकडे जा. खाडीकडच्या गल्लीत कुणालाही विचारा."

आत्याचं घर दुमजली, खाली ती आणि सून-मुलगा, वर तीन खोल्या पाहुण्यांना. घर आगरी माणसाचं, त्यामुळे ताटात तांदळाची भाकरी आणि मासळी ठरलेली. मी दारात विचारलं, "इथे गेस्टहाऊस आहे ना?"

"गेस्टहाऊस न्हाय, घर हाय," ती म्हणाली. "लॉजवर लोक झोपायला जातात. माझ्याकडं लोक येतात. चप्पल काढ."

मी चप्पल काढली. तिनं ती उचलून टोक घराच्या आत करून ठेवली. प्रत्येक पाहुण्याची चप्पल ती अशीच ठेवायची. निघायच्या दिवशी मात्र स्वतः हातानं फिरवून टोक रस्त्याकडे करायची. जिन्याखाली लाकडी खुंट्यांची रांग होती आणि नेहमीच्या पाहुण्याला त्यातली एक कायमची मिळायची. माझी डावीकडून चौथी. मी नसतानाही त्या खुंटीवर दुसऱ्या कुणाची पिशवी लागत नसे. एकदा एका नव्या पाहुण्यानं तिथे छत्री अडकवली, तर आत्या त्याला म्हणाली, "ती सरोजबायची हाय. ती पुण्याला असली म्हणून काय झालं?"

साठीची बाई. उंच, काटक, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. लिहायला-वाचायला येत नव्हतं. तरी साठेक फोन नंबर पाठ. पाठ म्हणजे डोक्यात नव्हे, बोटात. जिन्याजवळच्या फळीवर बटणांचा फोन होता, त्यावर तिचं बोट घरातल्या घरात चालल्यासारखं फिरायचं. नंबर काय विचारला तर सांगता यायचा नाही. सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लावायचा नियम आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हिची पंचाईत. तिनं सुनंदाला विचारलं, "दोन कुटं?" सुनंदानं दाखवलं. "वरचा, मधला. बरं. आधी वर मधोमध, मंग नेहमीचं." संपलं.

रोज संध्याकाळी तिचे तीन प्रश्न असायचे. "उद्या कुटं? कवा येशील? काय खाशील?" उत्तर दिल्याशिवाय जेवण वाढायची नाही. सकाळी डबा तयार. आणि माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की ती फोनकडे जायची. आधी कधीच नाही. "आधी केला आनि मानूस गेलाच न्हाय तर समोरच्याचा चहा फुकट," हा तिचा नियम. माणूस ज्या दिशेला गेलं तिथे तिच्या ओळखीचं कुणीतरी असायचंच. फोनवर तीनच वाक्यं. "मी हिरा बोलते. माझ्याकडचं मानूस निघालं. चहा टाकून ठेवा."

याला ती वर्दी म्हणायची. एकदा भाकऱ्या करता करता तिनं त्यामागचं सांगितलं. आठ वर्षांची असताना आईबरोबर ती पडघ्याला मावशीकडे गेली. चालत. पोचली तर दाराला कुलूप, मावशी शेतावर का कुठे. दोघी ओट्यावर बसून राहिल्या. शेजारणीनं दोनदा डोकावून पाहिलं आणि दार लावून घेतलं. ऊन उतरल्यावर दोघी तशाच परत निघाल्या. "भूक न्हाय लागली मला," आत्या म्हणाली. "लाज वाटली. कुलपाकडं बघत बसायची लाज. तवाच ठरवलं, माझ्या घरातनं निघालेलं मानूस बंद दारावर जायाचं न्हाय."

या वर्दीचा पहिला बळी जोशी. आत्याकडचे नेहमीचे पाहुणे, चाळिशीचे, एकटे, स्वभावानं बुजरे. एका गुरुवारी ते गणेशपुरीला मुलगी बघायला चालले होते, पण लाजेखातर आत्याला सांगितलं, "दर्शनाला जातो." आत्यानं त्यांची पाठ वळताच गणेशपुरीतल्या नणंदेला फोन केला. "माझ्याकडचं मानूस येतंय देवाला. लाजरं हाय, मागून घ्यायचं न्हाय. जेवल्याबिगर सोडू नको." नणंद एसटी थांब्यावर हजर. जोशींना घरी नेलं, पाटावर बसवलं, भरपेट वाढलं. तिथून जोशी मुलीकडे गेले, तर समोर पोहे, लाडू, चिवडा. एक घास खाली उतरेना. मुलीच्या आईनं पाहिलं की पाहुण्यानं बशीला हातही लावला नाही. तिनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. नकार दुसऱ्याच दिवशी आला.

"आत्या, तुम्ही माझं लग्न जेवू घालून मोडलंत," जोशी म्हणायचे.

"खरं बोलला असतास तर अर्धपोटी ठेवायला सांगितलं असतं," आत्या म्हणायची. "माझ्याशी खोटं बोलायचं न्हाय. बग, काय होतं."

आम्ही पोट धरून हसायचो. जोशी अजून एकटेच आहेत.

दुसरी गोष्ट माझी. वाड्याच्या रस्त्याला एक नवी शेड बघायला गेले होते. परत येताना अंबाडी नाक्याच्या अलीकडे रिक्षाचं चाक निखळलं. भर दुपार, ओळखीचं कुणी नाही, मोबाइलला रेंज नाही. मी सवयीनं काय काय करायचं त्याची यादी मांडत होते, तेवढ्यात नाक्यावरच्या भांडेवाल्या दुकानातून एक बाई पदर डोक्यावर घेत आली. "हिराआत्याकडच्या पाव्हण्या का तुमी? सरोजबाय? सकाळधरनं वाट बगते. चहा दोनदा उकळला." तिनं मला दुकानात बसवलं, पंखा माझ्याकडे फिरवला, आणि तिच्या दिराच्या टेम्पोत बसवून घरी पोचतं केलं. आत्या दारात. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "चाक निखळलं ना? फोन आला. हातपाय धू."

त्या दिवशी मी डायरीत लिहिलं होतं: "या बाईच्या ओळखीत असणं म्हणजे निम्मा विमा." ते पान अजून आहे.

मी ताप येऊन चार दिवस पडले तेव्हा तिनं माझी औषधं चुकू दिली नाहीत. गोळ्यांची वेळ लिहिता येत नव्हती म्हणून वाटीत तांदळाचे दाणे ठेवायची, गोळी दिली की एक उचलायची. दाणे संपले की दिवस संपला. माझ्या याद्यांवर ती नेहमी हसायची. "सरोजबाय, श्वास घ्यायचा पन लिवून ठेव, इसरशील." पण रात्री जेवण झालं की म्हणायची, "वाच बगू, उद्याचं." मी वाचायची. शेवटी मी तिला सगळंच वाचून दाखवू लागले.

आता इथे मला माझी चूक स्वच्छ लिहिली पाहिजे. मी तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "आत्या, मी कुणाच्या शेडवर जाते हे बाहेर कळता कामा नये. माझी नोकरी त्यावर आहे."

"मी कोनाला कशाला सांगू?" ती म्हणाली होती. "शप्पत घेऊ?"

शपथ मी घेऊ दिली नाही. तिच्या तोंडचा शब्द पुरे होता. आणि त्यानंतरची साडेचार वर्षं मी ज्या ज्या शेडवर न सांगता गेले, तिथे मला बसल्याबरोबर गरम चहा मिळाला. पंधरा शेड, पंधरा ठिकाणी चहा तयार. जोशींची गोष्ट मला पाठ होती, अंबाडीचा चहा मी स्वतः प्यायले होते. दर गोष्टीची नोंद ठेवणाऱ्या बाईनं ही एक नोंद केली नाही. मला वाटायचं, लूमवाल्यांकडे चहा दिवसभर उकळतच असतो.

२००५ च्या डिसेंबरात पुण्याला तक्रार आली. विलासच्या शेडचं कापड रंगवल्यावर त्यात आडवे पट्टे उमटले होते. एका ताग्यात नाही, निम्म्या मालात. परदेशी गिऱ्हाईकानं सगळा माल परत केला. विलास आत्याच्या धाकट्या दिराचा मुलगा, आईवेगळा, आत्यानंच वाढवलेला. त्याच्याकडची माझी तपासणी नेहमी स्वच्छ निघायची, पंधरांत सगळ्यांत स्वच्छ. मी इतर लूमवाल्यांना त्याचं उदाहरण द्यायची.

साहेबांनी फाइल माझ्यासमोर ठेवली. "सरोजबाई, हे तागे तुम्ही स्वतः बघितले होते?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"मग एक तर तुम्हाला दिसलं नाही, नाहीतर तुम्ही बघितलं नाहीत. तिसरं काही असेल तर महिनाअखेरपर्यंत सांगा."

तिसरं काही म्हणजे काय हे ते बोलले नाहीत. एकोणीस वर्षांत माझ्या सहीकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. ते तिसरं शोधायला मी जानेवारीत भिवंडीला आले.

तर, ९ जानेवारीची सकाळ. भिंतीपलीकडे लूम खटखटत होते. इस्माईलशेठनी आत्याच्या हातात पत्रिका दिली, तिनं ती कपाळाला लावून देवाजवळ ठेवली. सगळ्यांचं हसणं-बोलणं चाललं होतं. मला इस्माईलशेठ म्हणाले, "मॅडम, आज किधर? आमच्याकडे या ना."

"सांगून येत नसते मी, शेठ," मी म्हटलं. "न सांगता येणं हेच माझं काम."

ते मोठ्यानं हसले. मनापासून. "क्या मॅडम! चार साल झाले, आत्याची वर्दी आल्याशिवाय तुम्ही कधी आलात? तुम्ही गल्ली सोडली की फोन. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तसं काही टेन्शन नाही हां, वीस मिनिटांत चहा होतो, कापड थोडंच बदलतं?" आणि मग, काहीच वाईट मनात नसलेल्या माणसाच्या सहजपणानं, "विलासचं बरं आहे. त्याला तर आदल्या दिवशी शामलाच कळतं. घरचा माणूस!"

जोशींनी कप खाली ठेवला. सुनंदाचे हात मासळीवर थांबले. आत्या भाकरी थापत होती. तिच्या भाकऱ्या एकाच मापाच्या असायच्या, एकीवर एक ठेवली तर कड दिसायची नाही. त्या वेळची भाकरी लांबट झाली. तिनं ती शेकली आणि आपल्या ताटात टाकली.

"इस्माईल, चहा घे अजून," ती म्हणाली.

"नको आत्या, पत्रिका वाटायच्यात," म्हणत ते उठले. आपण काय बोललो ते त्यांना दारापर्यंत गेल्यावर कळलं असावं. ते वळले, माझ्याकडे पाहिलं, आणि गेले. जोशीही वजनकाट्याची पेटी उचलून निघाले. सुनंदा मासळी घेऊन मागच्या दारी गेली.

मी डायरी उघडली. सवय. विलासकडच्या तपासण्यांच्या तारखा काढल्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या पानावर माझ्याच हातची यादी होती, जी मी संध्याकाळी तिला वाचून दाखवली होती. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक अख्खी रात्र हाताशी असली की कुणाकडून तरी चांगल्या कापडाची थप्पी आणून पुढे रचता येते. मी त्यातले दहा तागे उलगडायची, खूश व्हायची, सही करायची. मी गेल्यावर ट्रकमध्ये चढायचं ते त्याचं स्वतःचं.

"आत्या," मी म्हटलं, "बाकीच्यांना मी निघाल्यावर फोन. विलासला आदल्या संध्याकाळी का?"

ती तवा पुसत होती. "त्याच्याकडं बाईमानूस न्हाय. एकटा पोरगा. त्याला चहा करायला येळ लागतो."

"चहाला एक रात्र लागत नाही, आत्या."

तिनं तव्याची दुसरी बाजू पुसायला घेतली.

"माणूस उंबऱ्याबाहेर पडल्याशिवाय फोन करायचा नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग?"

"मी तुझी वही कोनाला दाखवली का? शेडचं, कापडाचं बोलले का कवा? मी फकस्त बोलले, उद्या सरोजबाय येनार, चहा टाकून ठेव."

"तुम्हाला माहीत होतं तो काय करतो?"

यावर तिनं तवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलेल अशी मी वाट पाहत होते. खरं सांगायचं तर तिनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं.

"सरोजबाय," ती म्हणाली, "तू म्हैन्यातली सा दिस माझी. तो बारा म्हैने माझा."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मी वर गेले आणि पिशवी भरली. भरताना यादी केली नाही, त्यामुळे कंगवा आणि एक टॉवेल तिथेच राहिले.

पुण्याला मी सगळं खरं लिहून दिलं, विलासचं नाव आणि माझी चूक दोन्ही. साहेब म्हणाले, "म्हणजे आपला कार्यक्रम तुम्हीच रोज वाचून दाखवत होतात." ते बरोबरच होतं. मला तपासणीवरून काढून नमुन्यांच्या खोलीत बसवलं. आता मी कापडाचे तुकडे कापते, त्यावर चिठ्ठ्या चिकटवते. सही दुसऱ्याची असते. विलासचं काम बंद झालं. पण त्यानं लूम भंगारात काढले आणि पडघ्याकडे गोडाऊन बांधलं. म्हणजे तो तरला. इस्माईलशेठनी मला एकदा फोन करून "मॅडम, मेरी वजह से…" असं सुरू केलं. मी त्यांना सांगितलं, तुमच्यामुळे निदान मला कळलं.

राग मला विलासचा फारसा येत नाही. तो ज्या धंद्यात होता त्यात लोक असं करतात, आणि ते पकडायचं काम माझं होतं. मला आठवते ती तांदळाच्या दाण्यांची वाटी. ते दाणे उचलणारी बाई आणि संध्याकाळी जिन्याजवळ उभी राहून "वर मधोमध, मंग नेहमीचं" बोट फिरवणारी बाई, एकच. त्या बोटांनी माझे अंबाडीला हाल होऊ दिले नाहीत आणि त्याच बोटांनी मला बुडवलं. ती माझ्याशी वाईट वागली असती तर हिशेब सोपा झाला असता.

निघाले त्या सकाळी पिशवी घेऊन खाली उतरले, तर माझी चप्पल रस्त्याकडे टोक करून ठेवलेली होती. खुंटीखाली आत्या उभी. हातात डबा. पितळी, दोन पुडांचा, नेहमीचा. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी, वासावरून कळलं. मी घेणार नव्हते. पण तिनं पुढे केला आणि माझा हात पुढे झाला. पाच वर्षांची सवय.

मी उंबरा ओलांडला. ती मागून म्हणाली, "कुटं?"

मी उत्तर दिलं नाही. त्या घरात पहिल्यांदाच.

"सरोजबाय, कुटं ते तरी सांग."

गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. दार उघडं होतं आणि आत जिन्याजवळ ती दिसत होती. फोनचा रिसीव्हर तिच्या हातात होता, कानाला लावलेला नव्हता. दुसऱ्या हाताचं बोट बटणांवर होतं आणि ते हलत नव्हतं. कुणाला सांगायचं, कुठे चहा टाकायला लावायचा, ते तिला ठाऊक नव्हतं.

याला आता तीन वर्षं झाली. दरवर्षी एक जानेवारीला मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवते. बहुतेक वेळा चार-पाच असतात आणि फेब्रुवारीपर्यंत संपतात. एक मात्र तीन डायऱ्यांमधून तसंच पुढे येत आहे: "हिराआत्याचा डबा परत करणे." पोस्टानं पाठवता येईल. इस्माईलशेठच्या हातीही देता येईल, ते वर्षातून दोनदा पुण्याला येतात. पण डबा रिकामा परत करत नाहीत. मी तो घासून, पुसून, चिंच लावून चकचकीत करून ठेवला आहे, आणि त्यात काय भरायचं ते अजून ठरत नाही.